सायटिका : कळ किती आहे ते राहू द्या, ती कुठपर्यंत जाते ते बघा

मी डॉक्टर नाही, फिजिओपण नाही, साताऱ्यात एका प्रेसमध्ये डीटीपीचं काम करते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवताना कमरेत कट्कन काहीतरी झालं, दोन दिवस वाटलं उसण भरलीय, तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या कुल्ल्यातून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत, आणि शिंक आली की करंट लागल्यासारखं. हीच सायटिका. चार महिने गेले त्यात. त्यातला पहिला सव्वा महिना मी सगळं उलटं केलं, म्हणून ज्यांना आत्ताच सुरू झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पण थांबा, आधी हे वाचा. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो दोन मांड्यांमधला भाग बधीर झाला, किंवा दोन्ही पायातली ताकद जायला लागली, तर पुढचं काही वाचू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. मणक्याच्या पोकळीत खालच्या टोकाला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो, तो सगळा दाबला गेला की असं होतं, त्याला कॉडा इक्वायना म्हणतात आणि तिथे हिशोब तासांचा असतो, दिवसांचा नाही. पाऊल लोंबायला लागलं, चालताना चप्पल निसटते आणि कळतसुद्धा नाही, असं असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर. कमरेसोबत ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर होऊन गेलेला, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे फिजिओकडे नंतर, आधी डॉक्टर.

यातलं काही नसेल (बहुतेकांना नसतं) तर बसा आता निवांत. बसवत नसेल तर पालथे झोपून वाचा, का ते पुढे येईलच.

आपल्याकडे नस दबली, गादी सरकली, मणक्यात गॅप आला असं सगळं एकाच दमात म्हणतात. नेमकं असं आहे की सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस, कमरेच्या खालच्या दोन आणि त्याच्याखालच्या तीन मुळांपासून बनते आणि कुल्ल्यातून पायात उतरते. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तिचं बाहेरचं आवरण चिवट आणि आत मऊ गर, आणि करंजी कडेला फुटून सारण बाहेर यावं तसा तो गर मागच्या बाजूला येतो आणि शेजारून जाणाऱ्या मुळाला चिकटतो. बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक असते. हे गादीचं प्रकरण १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी नीट मांडलं, पण दुखणं मात्र जुनंच, आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात आणि चरकसंहितेत क्रमसुद्धा दिलाय, कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. हा क्रम लक्षात ठेवा, कारण बरं होताना बहुतेकदा हीच वाट उलटी चालायची असते.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं दाबल्यामुळे एवढं दुखत नाही, तो गर नसेला लागला की तिथे सूज येते आणि आग त्या सुजेची असते. आणि शरीर तो बाहेर आलेला गर हळूहळू शोषून घेतं, मोठा तुकडा तर बऱ्याचदा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त आटतो. म्हणून बऱ्याच जणांना सहा ते बारा आठवड्यात बराच फरक पडतो. गादी कोणी हाताने "बसवत" नाही. आमच्या सासूबाईंनी शेजारच्या गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावलं होतं कमरेला पाय लावायला, त्याने बिचाऱ्याने हळूच लावला म्हणून वाचले. उसणेला ठीक आहे एक वेळ, त्यात निदान सासूबाईंचं समाधान होतं, पण पायात कळ उतरलेली असेल तर लाथ नको, हाडवैद्याचा झटका नको आणि तेल लावून कोणाला पाठीवर उभंही करू नका.

आता घरच्या घरी नोंद करा. कागदावर पायाचं साधं चित्र काढा, पुढून आणि मागून, आणि कळ, मुंग्या, बधीरपणा कुठे आहे ते रंगवा. नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलावरून अंगठ्यापर्यंत येत असेल तर बहुतेक एल-५ चं मूळ (कमरेतलं पाचवं, शेवटचं), पोटरीच्या मागून टाच आणि करंगळीकडे जात असेल तर एस-१ (त्याच्या लगेच खालचं), माझं ते होतं. मग भिंतीला हात ठेवून पाच पावलं टाचांवर चाला, पाच पावलं चवड्यांवर. मग एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला, आधी चांगल्या पायाने मग दुखऱ्या. माझी उजवी टाच चौथ्यालाच अडकली होती. दुखतंय म्हणून अडकणं वेगळं आणि ताकदच नाही म्हणून अडकणं वेगळं, हे दुसरं असेल तर तारखेसकट लिहा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा, दिवसागणिक वाढत असेल तर अजिबात थांबू नका. दोन्ही पायात मोजे घातल्यासारखा बधीरपणा असेल तर शुगर आणि बी-१२ तपासा, ते सायटिका नसू शकतं. जांघेत दुखत असेल आणि मांडी घालून बसताच येत नसेल तर खुब्याचा सांधा बघायला सांगा.

एमआरआयचं काय. ताकद कमी होत नसेल, वरची धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यात त्याची घाई नसते, कारण त्याने पुढचं काही बदलत नाही. मी घाबरून पाचव्या दिवशीच काढला आणि रिपोर्टमधले शब्द वाचून रात्रभर रडले. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांना काहीच दुखत नाही अशा तीन हजारावर लोकांच्या स्कॅनचा, तर त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के. म्हणजे गादी फुगलीय असं लिहून आलं म्हणजे तुमचा निकाल लागला असं नाही, ती बाजू आणि ते मूळ तुमच्या चित्राशी जुळतं का ते महत्त्वाचं.

मी पहिली चूक केली ती झोपून राहण्याची. ज्यांना दाखवलं त्यांनी सांगितलं महिनाभर बेड रेस्ट, मी पडून राहिले, पाठ ताठली, पोट साफ होईना, आणि कळ होती तिथेच. सायटिकात पडून राहण्याने काही विशेष फायदा होत नाही हे १९९९ मध्येच हॉलंडमधल्या अभ्यासात दिसलं होतं. एक-दोन दिवस पडावंच लागतं, हलताच येत नाही तेव्हा काय करणार, पण त्यानंतर दर तासाला उठायचं, पाच मिनिटं का होईना घरातल्या घरात फिरायचं.

दुसरी चूक मशीनची. एका ठिकाणी रोज अर्धा तास करंट, मग शेक, मग वजन लावणं, असे पंधरा सीटिंग झाले, ३५० रुपये एक, आणि व्यायाम एकही शिकवला नाही. शेक घेतला की तासभर बरं वाटतं, घरी गरम पाण्याच्या पिशवीनेसुद्धा वाटतं, ते घ्या की. पण ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर ट्रॅक्शन (म्हणजे वजन लावणं), अल्ट्रासाऊंड, टेन्स (म्हणजे तो करंट), कमरेचा पट्टा हे सायटिकासाठी देऊ नका असं सरळ लिहिलंय आणि व्यायाम द्या असं लिहिलंय. त्यामुळे फिजिओ शोधताना डिग्री बघा (आपल्याकडे बीपीटीएच किंवा पुढची एमपीटीएच), राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का विचारा, आणि पहिल्याच दिवशी हे बघा : त्यांनी तुम्हाला वाकायला, मागे झुकायला लावलं का, झोपवून सरळ पाय उचलून बघितला का (साधारण ३० ते ७० अंशाच्या मधे पायात कळ आली तर मूळ चिडलंय असं धरतात), गुडघ्याला आणि टाचेमागे हातोडी मारली का, अंगठ्याची ताकद बघितली का. आणि घरी करायला काय दिलं. यातलं काही न करता थेट मशीन लावलं तर दुसरा फिजिओ बघा. पैशाचा प्रश्न असेल तर सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची फिजिओ ओपीडी, तिथे रांग असते पण तपासतात नीट.

मला तिसऱ्या ठिकाणी जी फिजिओ मॅडम भेटली तिने पहिला प्रश्न विचारला, "कळ कुठपर्यंत जाते?" मी म्हटलं खूप दुखतं हो, दहापैकी नऊ. ती म्हणाली ते नंतर, कुठपर्यंत? मग मला पालथं झोपवलं, पाच मिनिटांनी परत विचारलं, आणि खरंच करंगळीतली कळ पोटरीपर्यंत आली होती, कंबर मात्र जास्त दुखत होती. मी घाबरले, ती खूश झाली.

या सगळ्या लेखातलं मला सांगायचं ते हेच आहे. कळ पायातून वर वर कमरेकडे सरकतेय तर तुम्ही योग्य करताय, कंबर जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली खाली उतरतेय तर चुकीचं, भले कमरेला बरं वाटत असेल. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी नावाचे फिजिओ होते, १९५६ मध्ये त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला, पाठ अशी मागे वाकलेली, कोणी सांगितलं असतं तर त्यांनीच नको म्हटलं असतं, आणि पाच मिनिटांनी तो म्हणतो पायातलं दुखणं गेलं. त्यातून त्यांनी सगळी पद्धतच उभी केली.

तर आता व्यायाम. फिजिओला दाखवूनच सुरू करा, पण काय असतं ते कळावं म्हणून लिहिते.

पहिले काही दिवस : पालथे झोपा, सतरंजीवर, गादीवर नाही. जमत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि दोन-तीन दिवसात ती पातळ करत काढून टाका. दोन-तीन मिनिटं नुसतं पडायचं, श्वास सोडत. मग कोपरांवर या, लहान मुलं टीव्ही बघतात तसं, परत दोन मिनिटं. ते जमलं आणि कळ खाली गेली नाही तर मग हाताने जमीन ढकलून छाती वर, कंबर आणि पोट ढिलं सोडलेलं, ओटीपोट जमिनीकडेच. भुजंगासनासारखंच दिसतं, पण भुजंगासनात पाठीचं बळ लावतो आणि इथे पाठ झोपलेली असते, सगळं काम हाताचं. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. प्रत्येक खेपेनंतर स्वतःला विचारा, कुठपर्यंत? खाली गेली आणि खालीच राहिली तर थांबा आणि फिजिओला फोन करा, "थोडं सहन केलं की जाईल" हे इथे चालत नाही.

काहींची कंबर एका बाजूला झुकलेली असते, आरशात बघितलं तर खांदे एकीकडे कुल्ले दुसरीकडे. त्यांनी हे थेट करू नये, आधी भिंतीला टेकून बाजूला सरकवण्याचा व्यायाम असतो, तो शिकून घ्या.

आणि सगळ्यांना मागे वाकणं चालत नाही बरं का. साठीच्या पुढे, चालायला लागलं की दहा मिनिटात पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, असं असेल तर बहुतेक नसेची पोकळीच अरुंद झालेली असते, त्यांना उलट गुडघे पोटाशी घेणं मानवतं. माझ्या आईचं तसंच आहे. मी उत्साहाने तिला माझा व्यायाम शिकवला आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणून व्हिडिओ बघून दुसऱ्याचा व्यायाम उचलू नका.

झोपताना पाठीवर असाल तर गुडघ्याखाली दोन उशा, कुशीवर असाल तर गुडघ्यांच्या मधे एक. फार कळ असेल तेव्हा जमिनीवर पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, दहा मिनिटं. मला त्याने झोप लागायची.

आग कमी झाली की, माझ्या बाबतीत हे व्यायाम सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात, नस सरकवायचा व्यायाम. खुर्चीत ताठ बसा, दुखऱ्या पायाचा गुडघा हळू सरळ करा आणि त्याच वेळी मान वर करून छताकडे बघा, मग गुडघा वाकवताना मान खाली. पायजम्याच्या नाडीसारखं आहे ते, एका टोकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्या टोकाने सोडायचं, म्हणजे नस ताणली न जाता आत सरकते. दहा-बारा वेळा, ताण आला की मागे, धरून ठेवायचं नाही. लोक काय करतात, पाय टेबलावर ठेवून अंगठे पकडून तीस सेकंद ताणतात, "शीर आखडलीय ती मोकळी करतो" म्हणून. चिडलेल्या नसेला ओढल्यावर ती अजून चिडणारच ना. सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन हे पण तोपर्यंत बंद.

चालणं सुरू ठेवा, आधी पाच मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा, मग वाढवा. मी सपाट रस्ता धरला, यवतेश्वरचा चढ तीन महिन्यांनी.

आता दिवसभराचं, कारण व्यायाम होतो अर्धा तास आणि बाकीचे साडेतेवीस तास आपण तेच खड्डे खणतो. सकाळी उठल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, माणूस सकाळी रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच, म्हणून पहिला तासभर वाकणं टाळा. कुशीवर वळून हाताने उठा. दात घासताना एक हात बेसिनवर आणि एक पाय छोट्या पाटावर. केर-फरशी दुसऱ्याला द्या किंवा उभ्या दांड्याचा मॉप घ्या, मी पहिल्यांदा सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून वाकून पुसत राहिले, शेवटी नवऱ्याने मॉप आणला आणि आता तोच पुसतो. कणीक ओट्यावर उभं राहून मळा, खाली बसून नाही. भारतीय संडास असेल तर मेडिकलमध्ये मिळते ती कमोड खुर्ची महिनाभर भाड्याने आणा, आणि पोट साफ राहील असं बघा, कुंथलं की कळ सणकते, काही पेनकिलर्सनीच बद्धकोष्ठ होतो तेव्हा रात्री इसबगोल चालेल का विचारा. शिंक येतेय असं वाटलं की उभे असाल तर भिंतीला हात लावून पाठ किंचित मागे घ्या, बसल्या जागी पुढे वाकून शिंकू नका.

पुरुष मंडळींनी मागच्या खिशातलं जाड पाकीट काढा. खुर्चीत वीस-तीस मिनिटांच्या वर सलग बसू नका, कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, मी मोबाइलवर टायमर लावायचे, प्रेसमध्ये सगळे हसायचे, हसू द्या. स्कूटी मी सहा आठवडे बंद ठेवली. एसटीने जाणं भाग असेल तर मागची सीट नको, चाकाच्या पुढे बसा.

गोळ्यांबद्दल थोडंच. पेनकिलर मेडिकलवाल्याला विचारून महिना महिना खाऊ नका, किडनी आणि पोट दोन्हीचं वाटोळं होतं. नसेच्या म्हणून ज्या गोळ्या देतात, गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन, त्यांचा सायटिकात उपयोग होतो असं अभ्यासात दिसलेलं नाही, पण चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

कळ गुडघ्याच्या वर आली, की ताकदीचे व्यायाम. हा टप्पा सगळे सोडतात कारण दुखणं गेलेलं असतं, मीपण सोडला होता आणि गणपतीत परत आडवी झाले. पाठीवर झोपून कुल्ले उचलणं म्हणजे सेतुबंधासारखं, दहा-दहाचे दोन सेट. हात-गुडघ्यावर रांगत्या बाळासारखं होऊन उजवा हात डावा पाय सरळ, मग उलट. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलणं, सुरुवातीला गुडघे टेकलेलेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकायला नव्याने शिकणं : झाडूचा दांडा पाठीला लावायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेलं, आणि तसंच ठेवून कुल्ले मागे ढकलत वाकायचं. आधी रिकाम्या हाताने, मग दोन किलोच्या साखरेच्या पिशवीने, मग पाच किलोच्या तांदळाने. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड, तो मी अजूनही उचलत नाही, बुडावर तिरका करून गोल फिरवत नेते.

इतकं करून सहा ते बारा आठवड्यात काहीच फरक नाही, झोप उडालीय, तर स्पाइन सर्जनचं मत घ्या, त्यात हरल्यासारखं काही नाही. हॉलंडमध्ये २००७ साली २८३ पेशंटांचा अभ्यास झाला होता, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मधेच ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे ताकद जात नसेल तर थांबायचं की नाही हे बरंचसं तुम्हाला किती सोसवतं आणि किती दिवस कामावर न जाता चालतं त्यावर आहे.

परत उठलं तर काय? माझं या दिवाळीत उठलं, फराळाचे डबे माळ्यावरून काढताना. मी पाहुण्यांसमोर हॉलमध्येच सतरंजी टाकून पालथी पडले, सगळे चकल्या खात होते आणि मी कोपरांवर. जुना कागद काढला, त्यावर मार्चमधली करंगळीपर्यंत रंगवलेली रेघ होती, शेजारी नवीन रेघ मारली. मांडीच्या निम्म्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी कुल्ल्यात, पाचव्या दिवशी फक्त कमरेत.